अमेरिकेची राष्ट्रचिन्हं : लिहून ठेवलेला अर्थ कोणता, मागाहून चिकटलेला कोणता?

मोहोर
अमेरिकेच्या झेंड्यातला पांढरा म्हणजे पावित्र्य, लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे न्याय, असं शाळेच्या प्रकल्पांत आणि भाषणांत हमखास असतं. झेंड्याच्या ठरावात यातलं काहीच नाही. १४ जून १७७७ चा काँग्रेसचा (तेरा मूळ राज्यांच्या प्रतिनिधीसभेचा) ठराव एवढाच: लाल-पांढरे तेरा पट्टे, निळ्यावर तेरा पांढरे तारे, आणि ते तारे म्हणजे 'एक नवं नक्षत्र'. रंगांविषयी अवाक्षर नाही. निळा चौकोन केवढा, तारे कसे मांडायचे, त्यांना टोकं किती, हेही नाही. त्यामुळे त्या काळच्या झेंड्यांत तारे कधी गोलात, कधी ओळीत, सहा, सात, आठ टोकांचेही दिसतात.

रंगांचा अर्थ आला पाच वर्षांनी, आणि तो ग्रेट सीलसाठी. २० जून १७८२ ला काँग्रेसने राष्ट्रमुद्रा मंजूर केली तेव्हा सचिव चार्ल्स थॉमसन यांनी सोबत खुलासा जोडला: पांढरा म्हणजे शुद्धता आणि निरागसता, लाल म्हणजे चिवटपणा आणि पराक्रम, वरचा निळा म्हणजे दक्षता, चिकाटी आणि न्याय. झेंड्याचे रंग तेच असल्यामुळे लोकांनी अर्थ उचलून झेंड्यालाही लावला. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. एका चिन्हाचा अर्थ दुसऱ्याला लावला की दोन्ही नीट बघायचं राहून जातं.

एक डॉलरची नोट असेल तर काढा. मागच्या बाजूला उजवीकडे गरुडाच्या छातीवरची ढाल बघा. झेंड्यात सात पट्टे लाल, सहा पांढरे, वरचा-खालचा लाल. ढालीत बरोबर उलटं: उभे पट्टे, सात पांढरे, सहा लाल, कडांचे दोन्ही पांढरे. ढालीच्या निळ्या भागात एकही तारा नाही, तारे गरुडाच्या डोक्यावरच्या तेजोवलयात आहेत. नोट एकरंगी आहे, म्हणून तिथे कोरीवकामाची जुनी रंगखूण वापरली आहे: आडव्या बारीक रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल. लाल भागातल्या या रेघा मोजूनच लोक 'पट्टे तेरापेक्षा जास्त आहेत' म्हणतात.

ढाल कुणी धरलेली नाही, नुसती छातीवर आहे. थॉमसननी त्याचंही कारण दिलं आहे: या देशाने आपल्याच गुणांच्या बळावर उभं राहायचं.

अक्षरधूळ
उत्तम सुरुवात. नोट काढलीच आहे तर डावीकडच्या पिरॅमिडबद्दल.

४ जुलै १७७६ ला दुपारीच काँग्रेसने मुद्रेसाठी फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांची समिती नेमली. फ्रँकलिनची सूचना होती बायबलमधला तांबड्या समुद्राकाठचा मोझेस आणि बुडणारा फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा. ती गेली. पण या समितीने मदतीला घेतलेले चित्रकार द्यु सिमितिएर यांच्या आराखड्यातून ढाल, त्रिकोणातला डोळा आणि 'ई प्लुरिबस उनुम' (अनेकांतून एक) हे बोधवाक्य टिकलं. १७८० च्या दुसऱ्या समितीने मदतीला घेतलेल्या फ्रान्सिस हॉपकिन्सनकडून पट्टे, तारे आणि ऑलिव्हची फांदी आली. १७८२ च्या तिसऱ्या समितीसाठी विल्यम बार्टननी अपुरा पिरॅमिड काढला. थॉमसननी या सगळ्यातून निवडून, गरुडाला मधोमध आणून मुद्रा बांधली. म्हणजे सहा वर्षं, तीन समित्या, आणि शेवटी एका चिटणिसाची नजर.

पिरॅमिडला तेरा थर, पायाशी रोमन आकड्यांत १७७६, वर 'अन्नुइत चेप्तिस' (त्याने आमच्या कार्यास कौल दिला), खाली 'नोवुस ऑर्दो सेक्लोरुम' (युगांची नवी मांडणी). थॉमसनच्या शब्दांत पिरॅमिड म्हणजे बळ आणि टिकाऊपणा. डोळा म्हणजे दैवाची कृपादृष्टी. 'हे फ्रीमेसनांचं (एका गुप्त बंधुमंडळाचं) चिन्ह' हे टिकत नाही, कारण हा डोळा युरोपातल्या ख्रिस्ती चित्रांत आधीपासून होता आणि मेसनांच्या छापील साहित्यात तो १७९७ पासून दिसू लागतो. पहिल्या समितीत फ्रँकलिन मेसन होते खरे, पण डोळा त्यांच्या सूचनेत नव्हता.

मुद्रेची ही मागची बाजू ठशावर कधी कोरलीच गेली नाही. ती घरोघरी पोचली १९३५ च्या एक डॉलरच्या नोटेमुळे. मूळ आराखड्यात गरुड डावीकडे होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मंजुरी देताना जागा बदलायला लावल्या.

रानवाटा
गरुडाबद्दल खात्री करून घ्यायची आहे. युद्ध सुरू झालं की गरुडाची मान बाणांकडे वळवतात असं वाचलं. खरं का?

मोहोर
@रानवाटा, नाही. ग्रेट सीलवरचा गरुड पहिल्यापासून स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे ऑलिव्हच्या फांदीकडे बघतो. डाव्या पंजात तेरा बाण.

गैरसमज आला राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून. ती वेगळी. तिच्यावरचा गरुड पूर्वी बाणांकडे बघत असे. ढालचिन्हांच्या शास्त्रात उजवी बाजू मानाची, त्यामुळे ती चूकच होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्रुमननी हुकूम काढून मान फांदीकडे वळवली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, त्यामुळे लोकांनी अर्थ जोडला की शांततेत फांदी, युद्धात बाण. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक झालं, मान हलली नाही.

ग्रेट सीलमध्ये खरीखुरी चूक झाली ती १८४१ मध्ये. पहिला पितळी ठसा झिजला म्हणून नवा कोरला, त्यात कोरणाऱ्याने बाण तेराऐवजी सहाच काढले. ती चूक १८८५ पर्यंत चालली, म्हणजे यादवी युद्धाच्या काळातले करारही सहा बाणांच्या शिक्क्याचे आहेत. १८८५ चा ठसा टिफनी कंपनीने केला, व्यास तीन इंच. फांदीला तेरा पानं आणि तेरा फळं तेव्हापासून पक्की झाली, कायद्यात फळांची संख्या नाही.

शिक्का आजही हाताने दाबूनच उमटवतात. परराष्ट्र खात्यात महोगनीच्या कपाटात दाबयंत्र आहे. कागदावर आधी कागदाचीच चकती चिकटवतात आणि ठसा व उलटठसा यांच्यामध्ये दाबतात, त्यामुळे शाई न लागता उठाव येतो. राजदूतांच्या नेमणुका, मंत्र्यांच्या सनदा, करारांची मंजुरीपत्रं, अशी वर्षाला साधारण दोन ते तीन हजार कागदपत्रं होतात.

रानवाटा
आभार. मग गरुडाची माझ्याकडून भर. 'बॉल्ड' म्हणून टकला नव्हे. या शब्दाचा जुना अर्थ पांढऱ्या डोक्याचा. पिल्लू तपकिरी असतं, डोकं आणि शेपूट पूर्ण पांढरी व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. चित्रपटांत गरुड दिसला की जी लांब कर्कश किंकाळी ऐकू येते ती रेड-टेल्ड हॉकची असते. गरुडाचा स्वतःचा आवाज बारीक, तुटक किलबिलीसारखा.

फ्रँकलिनना टर्की राष्ट्रपक्षी हवा होता हेही खरं नाही. जानेवारी १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात ते सिनसिनाटी सोसायटी या स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पदकाबद्दल बोलत होते. त्यावरचा गरुड टर्कीसारखा दिसतो अशी तक्रार होती, त्यावर ते लिहितात की टर्कीच बरा, गरुड दुसऱ्याचा मासा हिसकावून खातो. मुद्रा तोवर दीड वर्ष आधीच मंजूर झाली होती.

१९६३ मध्ये अलास्का सोडून मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत गरुडाच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटी माशांतून गरुडात जायचं, अंड्याचं कवच पातळ व्हायचं आणि उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडं फुटायचं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: फिरताना गळालेलं पीस दिसलं तरी उचलून घरी आणू नका. १९४० च्या कायद्याने ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. सापडलेली पिसं आणि मेलेले पक्षी डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात जातात आणि तिथून आदिवासी जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना विधींसाठी दिले जातात.

आणि इतकं सगळं असून कायद्याने 'राष्ट्रीय पक्षी' हा दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. गुलाब (१९८६), ओक (२००४) आणि बायसन (२०१६) त्याच्या आधी नंबर लावून गेले.

सुईदोरा
झेंड्याच्या मापांवर लिहिते, कारण प्रत्यक्ष शिवताना किंवा विकत घेताना गोंधळ इथेच होतो.

सध्याची मापं २१ ऑगस्ट १९५९ च्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हुकुमातली. त्याच दिवशी हवाई राज्य झालं आणि पन्नास तारे ४ जुलै १९६० पासून लागू झाले. झेंड्याची उंची १ धरली तर लांबी १.९. निळा चौकोन (युनियन) ०.५३८५ उंच, म्हणजे नेमके सात पट्टे, आणि ०.७६ लांब. ताऱ्याचा व्यास ०.०६१६, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीच्या चार पंचमांश. तारे मांडायला युनियनच्या उंचीचे दहा आणि लांबीचे बारा समान भाग करा. आतल्या नऊ आडव्या आणि अकरा उभ्या रेघा मिळतात. पहिल्या ओळीत सहा तारे एकाआड एक छेदबिंदूंवर, दुसऱ्यात पाच मधल्या बिंदूंवर, असं आलटून पालटून. सहाच्या पाच ओळी आणि पाचच्या चार, झाले पन्नास. सगळ्यांचं एक टोक वर.

दुकानात मिळणारा ३ बाय ५ फुटांचा झेंडा या मापाचा नसतो. ३ फूट उंचीला लांबी ५.७ फूट हवी. हुकूम सरकारी खात्यांना लागू आहे, त्यामुळे दुकानातला झेंडा बेकायदा ठरत नाही, पण अंत्यसंस्काराला शवपेटीवर घालतात तो ५ बाय ९.५ फुटांचा असतो, तो बरोबर १.९.

घडी: दोघांनी कमरेच्या उंचीवर आडवा ताणून धरायचा. आधी खालचा पट्ट्यांचा अर्धा भाग वर आणून युनियनवर ठेवायचा. मोड नेमकी वरून सातव्या, म्हणजे लाल पट्ट्याच्या मधोमध पडली पाहिजे. दोघांनी तो पट्टा चिमटीत धरला की चूक होत नाही. मग पुन्हा लांबीनेच अर्धी घडी, निळा बाहेर ठेवून. आता पट्ट्यांच्या टोकाकडून मोडीचा कोपरा उघड्या कडेवर तिरका आणायचा, त्रिकोण होतो. त्रिकोण पुढे उलटत जायचं, शेवटी उरलेला निळा भाग आत खोचायचा. बाहेर फक्त निळा आणि तारे दिसले पाहिजेत.

शेवटी लाल पट्टी डोकावते त्याची कारणं दोनच. एकतर पहिली मोड सातव्या पट्ट्यावरून सरकलेली असते, किंवा त्रिकोण सैल पडलेले असतात. त्रिकोण सैल असतील तर उलगडून पट्ट्यांच्या टोकापासून पुन्हा सुरू करा. मधूनच घट्ट करायला गेलं की कोपरे आणखी फिरतात.

'तेरा घड्या, प्रत्येकीला एक अर्थ' हे जे वाचून दाखवतात ते कायद्यात नाही. ३ बाय ५ च्या झेंड्यात तर लांबीच उंचीच्या मानाने कमी, त्यामुळे घड्याही कमी पडतात. आकडा जुळला नाही म्हणून घडी चुकली असं समजू नका.

मांडव
इथले जाणकार बघून विचारतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात मंचावर दोन्ही झेंडे लावायचे आहेत, आणि मागच्या भिंतीवर दोन्ही उभे सोडायचे आहेत. कुठला कुठे?

सुईदोरा
@मांडव, दोन वेगळे दांडे, सारख्या उंचीचे. झेंडे साधारण सारख्या आकाराचे. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर नाही, हा आंतरराष्ट्रीय रिवाज. अमेरिकेत कार्यक्रम असल्याने अमेरिकी झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे. तिरंगा ३:२, त्यामुळे लांबी जुळवायला जाऊ नका, उंची जुळवा: ३ बाय ५ शेजारी ३ बाय ४.५ चा तिरंगा.

भिंतीवर उभं सोडताना खरी चूक होते. तिरंगा नुसता फिरवला तरी चालतो, केशरी प्रेक्षकांच्या डावीकडे आला की झालं. अमेरिकी झेंड्याचं तसं नाही. युनियन आडव्यातही आणि उभ्यातही प्रेक्षकांच्या डावीकडे वरच हवा. आडवा झेंडा घड्याळाच्या दिशेने फिरवलात तर युनियन उजवीकडे वर जातो, उलटा फिरवलात तर डावीकडे खाली. दोन्ही चूक. फिरवून पाठची बाजू पुढे आणावी लागते. शिवलेला झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे अडचण नाही. पण एकाच बाजूला छापलेलं कापड किंवा फ्लेक्स करणार असाल तर छपाईवाल्याला आधीच आरशातली प्रतिमा उभी फिरवून द्या.

मांडव
फ्लेक्सच करणार होतो. वेळेत कळलं. मनापासून आभार.

अक्षरधूळ
शोक म्हणून झेंडा अर्ध्यावर उतरवायची पद्धतही इथेच लिहून ठेवतो. झेंडा आधी टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी टोकापर्यंत न्यायचा. राष्ट्राध्यक्ष किंवा माजी राष्ट्राध्यक्षांसाठी ३० दिवस, उपराष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीशांसाठी १० दिवस. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर, नंतर टोकाला. रात्री फडकत ठेवायचा तर प्रकाश हवा.

दर्यावर्दी
पट्टे आले कुठून? स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीचा 'काँटिनेंटल कलर्स' म्हणजे तेरा पट्टे आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक. ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडाही असाच, आडवे लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात ब्रिटिश चिन्ह. तो मुंबईच्या बंदरातही फडकत होता. १९३७ मध्ये सर चार्ल्स फॉसेट यांनी दोन्हींचा संबंध मांडला. साम्य डोळ्यांत भरतं, पण अमेरिकनांनी तो बघूनच घेतला असा कागद नाही. शिवाय कंपनीच्या पट्ट्यांची संख्या स्थिर नव्हती.

मुंबईचा दुसरा धागा मात्र सोडून द्यायला हवा, कितीही प्रिय असला तरी. अमेरिकेचं राष्ट्रगीत वाडियांनी मुंबईत बांधलेल्या 'एचएमएस मिंडेन'वर लिहिलं गेलं असं आपल्याकडे सर्रास छापतात. मिंडेन मुंबईच्या गोदीतली, सागवानी, १८१० ची, हे खरं. पण सप्टेंबर १८१४ मध्ये ते गीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की हे एका डॉक्टर कैद्याच्या सुटकेसाठी पांढरं निशाण लावून गेले होते. त्यांची बोलणी ब्रिटिशांच्या 'टोनंट'वर झाली आणि बाल्टिमोरवरचा तोफांचा मारा त्यांनी आपल्याच तहाच्या जहाजावरून पाहिला.

त्यांनी सकाळी पाहिलेला झेंडा मेरी पिकर्सगिल यांनी शिवलेला: ३० बाय ४२ फूट, पंधरा पट्टे, प्रत्येक दोन फूट रुंद, किंमत ४०५ डॉलर ९० सेंट. शिवणाऱ्यांत ग्रेस विशर ही करारबद्ध कृष्णवर्णीय मुलगीही होती. रात्री पावसात वर होता तो १७ बाय २५ चा लहान वादळी झेंडा. लोकर भिजली की एवढं मोठं कापड दांडा मोडू शकतं. मोठा पहाटे चढवला. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मंद प्रकाशात, कमी ऑक्सिजनमध्ये, फक्त दहा अंश कलता ठेवला आहे. लांबी ३४ फूटच उरली, कारण एकोणिसाव्या शतकात आठवण म्हणून त्याचे तुकडे वाटले गेले. एक ताराही गेला.

नव्या राज्यांसाठी पट्टेही वाढवून पंधरा केले होते, तो घोळ १८१८ मध्ये मिटवला: पट्टे कायमचे तेरा, नव्या राज्याचा तारा पुढच्या ४ जुलैला.

तांबट
स्वातंत्र्यदेवतेवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिचा अर्थ पायाशी आहे आणि खालून दिसत नाही: तुटलेली साखळी आणि बेड्या, उजवं पाऊल पुढे टाकताना उचललेलं. हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६. लोक मशाल बघून परततात.

शिल्पकार बार्थोल्डींनी तांब्याचा पत्रा लाकडी साच्यांवर आतून ठोकून घडवला, जाडी अवघी २.४ मिलिमीटर, दोन नाण्यांइतकी. ३५० तुकडे, २१४ पेट्यांत भरून जून १८८५ मध्ये न्यूयॉर्कला आले. तोलायला आयफेलचा लोखंडी सांगाडा, आणि पत्र्याच्या आकाराला वाकवलेल्या १८०० हून जास्त लोखंडी पट्ट्या. पट्टी पत्र्याला थेट जोडलेली नाही. तांब्याचं खोगीर पट्टीवरून घेऊन त्याच्या दोन बाजू पत्र्याला रिव्हेट केल्या आहेत, म्हणजे उन्हात पत्रा फुगला तर पट्टी खोगिरात सरकते.

तांबं आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि लोखंड झिजतं. आयफेलना हे ठाऊक होतं, म्हणून मध्ये शेलॅकमध्ये भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टस घातलं. ते काही दशकांत विरलं, वर पाणी धरून ठेवू लागलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पट्टी खोगिरात फुगली, सरकणं थांबलं आणि रिव्हेट पत्र्यातून उपटून आले. १९८४ ते ८६ च्या दुरुस्तीत पट्ट्या ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या केल्या, मध्ये टेफ्लॉन. सगळ्या एकदम काढल्या असत्या तर पत्र्याचा आकार गेला असता, म्हणून थोड्या थोड्या काढून, तशाच वाकवून परत बसवल्या. आतला रंग द्रव नायट्रोजनने तडकवून पाडला, खालचं डांबर खाण्याच्या सोड्याच्या माऱ्याने. सोडा फटींतून बाहेर झिरपला आणि हिरव्या थरावर डाग पडले. वाळू वापरली असती तर पत्राच झिजला असता.

मशालही तेव्हाच बदलली. १९१६ मध्ये जुन्या ज्योतीचं तांबं कापून काचा बसवल्या होत्या, तिथून सत्तर वर्षं पाणी गळत होतं. नव्या ज्योतीवर सोन्याचा वर्ख आहे, दिवे बाहेरून.

रानवाटा
@तांबट, फिलाडेल्फियाच्या घंटेचंही, म्हणजे लिबर्टी बेलचं, असंच धातूचं काही असेल ना? तडा कधीचा?

तांबट
जी रुंद फट फोटोत दिसते ती तडा नाही, दुरुस्ती आहे. बारीक तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून घंटा खरखरते. म्हणून १८४६ मध्ये तडा मुद्दाम कोरून रुंद केला, साधारण अर्धा इंच रुंद, साडेचोवीस इंच लांब, की कडा भिडूच नयेत. फटीच्या कडेला ड्रिलच्या खुणा जवळून दिसतात. त्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवली आणि दुसरा तडा गेला, केसासारखा, फटीच्या टोकापासून वर थेट 'लिबर्टी' या शब्दातून. कायमची मुकी झाली ती या दुसऱ्या तड्याने.

लंडनहून १७५२ मध्ये आलेली मूळ घंटा पहिल्याच चाचणीत तडकली होती. पास आणि स्टो यांनी ती वितळवून, ठिसूळपणा जावा म्हणून तांबं वाढवून पुन्हा ओतली. आवाज बद्द आला, म्हणून १७५३ मध्ये तिसऱ्यांदा ओतली, तीच आजची. वजन २०८० पौंड, साधारण सत्तर टक्के तांबं, पंचवीस टक्के कथील. वरच्या 'पेनसिल्व्हेनिया'त एक 'एन' कमी आहे, तेव्हा तसंही लिहीत.

४ जुलै १७७६ ला ती वाजल्याची गोष्ट १८४७ मधली कल्पित कथा आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं जाहीर वाचनच ८ जुलैला झालं. 'लिबर्टी बेल' हे नाव १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीने दिलं, तिच्यावर कोरलेलं बायबलमधलं वचन वाचून: देशभरात, देशातल्या सर्व रहिवाशांसाठी, मुक्ततेची घोषणा करा. त्याआधी ती नुसती सभागृहाची घंटा होती.